भोपाळ ते पीथमपूर: कार्बाइडच्या भिंतीकडेने

भोपाळला चाललोय म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न यायचा, "सांची की भीमबेटका?" कार्बाइडचा कारखाना बघायला, असं सांगितलं की माणूस विषय बदलायचा. १९८४ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यातून रात्री विषारी वायू गळला, तेव्हा मी आयटीआयला एओसीपीच्या ट्रेडला होतो, म्हणजे केमिकल प्लँटवर ऑपरेटर व्हायचं शिक्षण घेत होतो. पुढे उभी नोकरी त्यातच गेली, आणि सेफ्टीचं एकही ट्रेनिंग भोपाळचं नाव घेतल्याशिवाय पार पडलं नाही. ई-६१० हा वायू सुटलेल्या टाकीचा नंबर तोंडपाठ, जागा मात्र कधी पाहिलेली नाही. निवृत्तीनंतर आता सबब उरली नव्हती. बायकोची मावशी तिथेच राहते, त्यामुळे मुक्कामाची चिंता नव्हती. बायकोची अट एकच होती: एक दिवस पूर्ण तिच्या मर्जीचा.

पहिला दिवस: फलाट, पोहे आणि मावशी

झेलम एक्सप्रेसने रात्र काढली आणि डिसेंबरच्या कडक थंडीत भोपाळला उतरलो. मावशीने आधीच बजावलं होतं, "जंक्शनलाच उतरा हं, राणी कमलापतीला नको, बघायचंय ते सगळं जुन्या शहरात आहे."

पहिलं ठिकाण तर फलाट क्रमांक एकवरच आहे. त्या रात्री कामावर असताना मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक. लोक त्याच्याशेजारी सामान टेकवून चहा पीत होते. कारखान्यापासून स्टेशन जवळ आहे, आणि वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत आला. उप स्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर तेव्हा ड्यूटीवर होते. गोरखपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी माणसांनी खचाखच भरून फलाटावर उभी होती. वेळापत्रक बाजूला ठेवून त्यांनी ती ताबडतोब सोडायला लावली, आणि दोन्ही बाजूंच्या स्टेशनांना भोपाळकडे गाड्या पाठवू नका म्हणून कळवलं. त्यांच्या स्वतःच्या घरातही वायूने माणूस नेला. ते २००३ मध्ये गेले, श्वासाचा आजार घेऊनच. मात्र त्या रात्री मेले नाहीत, म्हणून स्मारकावरच्या यादीत त्यांचं नाव नाही.

बाहेर हमीदिया रोडवर पोहे-जलेबी. आपल्याकडच्यासारखे फोडणीत परतलेले पोहे नाहीत हे. वाफेवर ठेवलेले, मऊ, वरून शेव, बारीक चिरलेला कांदा आणि जिरावन मसाला. शेजारी गरम जिलबी. बायकोने पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि दुसरी प्लेट मागवली. सोबत भोपाळी चहा: दुधाचा, गोड, आणि त्यात मिठाची चिमूट. पहिल्या घोटाला काहीतरी चुकलंय असं वाटतं, तिसऱ्यापर्यंत पटतं.

मावशीचे यजमान भेल या सरकारी कंपनीत होते, तिथेच पिपलानीला क्वार्टर. भेलची वसाहत पूर्वेला, आणि त्या रात्री वारा उत्तरेकडून जुन्या शहराकडे वाहत होता. "आमच्या खिडक्या उघड्या होत्या रे," मावशी म्हणाली. "सकाळी दूधवाला नाही आला तेव्हा कळलं काहीतरी झालंय." तिची खरी आठवण त्यानंतरची आहे. कारखान्यात दुसऱ्या टाकीत अजून एमआयसी, म्हणजे गळालेलं तेच रसायन, शिल्लक होतं. ते संपवायचं तर त्याचं कीटकनाशकच बनवून टाकायचं, असं ठरलं. १६ डिसेंबरला कारखाना पुन्हा चालू करायचा, शास्त्रज्ञ डॉ. वरदराजन यांच्या देखरेखीखाली. सरकारने त्याला नाव दिलं 'ऑपरेशन फेथ', आणि लोकांना घरातच राहायला सांगितलं. लोकांनी ऐकलं नाही. लाखोंनी शहर सोडलं. मावशी दोन मुलींना घेऊन नागपूरला निघाली, गाडीच्या टपावरसुद्धा माणसं होती.

"आणि नागपूरला काय झालं माहितीये? आमच्या आत्याबाईंनी मी नेलेल्या पापडांचा डबा अंगणातच ठेवायला लावला. गॅस लागलेला म्हणून." पुढे मुलींची स्थळं बघताना प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न, भोपाळची म्हणजे गॅस लागलेली का? पिपलानीला काही झालं नव्हतं हे नकाशा काढून दाखवावं लागायचं. "आम्हाला नकाशा तरी दाखवता येत होता," ती म्हणाली, "कारखान्याशेजारच्या छोल्यातल्या मुलींनी काय दाखवायचं?"

*भोपाळला डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हवाच, पहाटे चांगलंच गारठतं. २ आणि ३ डिसेंबरला बरसी असते, मशाल मोर्चा, सर्वधर्म प्रार्थनासभा. गर्दी चालत असेल तर तेव्हाच जा, आम्ही मुद्दाम नंतर गेलो. भिंतींवर पोस्टरं अजून ओली असल्यासारखी होती.*

दुसरा दिवस: म्युझियम, पुतळा, भिंत

बैरसिया रोडवर करोंदला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत 'रिमेंबर भोपाळ' म्युझियम आहे. बाहेरून साधं घर. २०१४ मध्ये, तीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा, गॅसपीडितांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी उभं केलं. सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही हा नियम. आत लोकांनी घरातून आणून दिलेल्या वस्तू, कपडे, फोटो, आणि भिंतीवर टेलिफोनचे रिसीव्हर. रिसीव्हर कानाला लावला की एक माणूस थेट तुमच्याशी बोलायला लागतो. कुणी आई, कुणी शवविच्छेदन करणारा डॉक्टर, कुणी कामगार. हिंदी समजत असेल तर अर्ध्या तासात बाहेर पडणं शक्य नाही.

मी कामगारांपाशी रेंगाळलो. १९८१ च्या डिसेंबरात अशरफ नावाचा कामगार फॉस्जीन या विषारी वायूने गेला, ते याच कारखान्यात. त्यानंतर राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने माहिती काढायला सुरुवात केली आणि १९८२ मध्ये 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहिले, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेहून कंपनीचेच लोक तपासणीला आले होते आणि त्यांनीही लांबलचक त्रुटी लिहून दिल्या होत्या. म्हणजे साप्ताहिकवाल्यालाही ठाऊक होतं आणि मालकालाही.

तिथून रिक्षाने जेपी नगर. रिक्षावाला छोल्याचाच, तेव्हा पाळण्यातला. "को खाँ, कार्बाइड देखने आए हो? देख लो, अभी भी वहीं खड़ी हे," म्हणत त्याने आम्हाला पुतळ्यापाशी सोडलं. कारखान्यासमोरच्या रस्त्याच्या कडेला हा पुतळा आहे, १९८५ मध्ये रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने केलेला. एका हाताने तोंड झाकणारी आई, दुसऱ्या हातात मूल, मागे पदराला लोंबकळणारं आणखी एक. खाली हिरोशिमा नको, भोपाळ नको, आम्हाला जगायचंय, अशा अर्थाचा मजकूर. चौथऱ्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती आणि दोन पोरं चेंडू शोधत होती. बायको म्हणाली, "अहो, हे लोक इथेच राहतात की." राहतातच. कारखान्याच्या भिंतीला टेकून वस्ती तेव्हाही होती, आताही आहे.

आत जायला परवानगी लागते. आम्ही अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून सांगितलं. तेव्हा भिंतीकडेने चालत राहिलो. ठिकठिकाणी भिंतीला भगदाडं आहेत, पलीकडे रानटी झुडपं, आणि झुडपांवर एमआयसी प्लँटचा गंजलेला सांगाडा. लांबूनही मला व्हेंटची उंच पाइप ओळखू आली. इतर पर्यटक काय बघतात माहीत नाही, मी पाइपलाइन बघत होतो.

थोडं प्लँटचं सांगतो, कारण 'वायू गळला' एवढ्यावर लोक थांबतात. इथे सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनायचं आणि त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी लागायचं. हा द्रव ३९ अंशांना उकळतो. पाण्याशी गाठ पडली की तापतो, तापला की आणखी जोरात रासायनिक क्रिया होते. म्हणून तो शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा आणि पाण्यापासून लांब ठेवायचा, एवढंच खरं तर त्याचं शास्त्र. त्या रात्री ई-६१० टाकीत सुमारे ४२ टन होता.

आता पहारेकरी मोजा. टाकी थंड ठेवणारा रेफ्रिजरेशन प्लँट जून १९८४ पासून बंद, आतला फ्रिऑन, म्हणजे थंड करणारा वायू, काढून दुसरीकडे वापरलेला. टाकी गरम राहायला लागल्यावर तापमानाचा अलार्म सारखा वाजणार, म्हणून तोही निकामी. निसटलेला वायू कॉस्टिकने धुणारा स्क्रबर स्टँडबायवर. उरलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरची लाइन गंजली म्हणून तुकडा काढलेला, नवा बसवलेला नाही. अडीअडचणीला रिकामी ठेवायची तिसरी टाकी रिकामी नव्हती. पाण्याचा फवारा बारा-पंधरा मीटरच्या वर पोहोचत नव्हता, आणि वायू तीसेक मीटरवरून बाहेर पडत होता. माझ्या आयुष्यात मी प्लँटचं काहीतरी एक बंद असताना काम केलंय. दोन बंद असताना शिफ्ट इनचार्जशी भांडलोय. एकाच वेळी सगळंच बंद, हे मला आकृती काढून दाखवलं तरी पटलं नसतं.

आणि माणसं? एमआयसी युनिटवर पाळीला बाराच्या जागी सहा. रात्रपाळीचा मेंटेनन्स सुपरवायझर रद्द. धंदा तोट्यात होता, दुष्काळात सेव्हिन खपत नव्हतं, कंपनी हा प्लँट सोडवून परदेशात हलवायच्या विचारात होती. ज्या दुकानाचं शटर पाडायचं ठरलंय त्याची डागडुजी कोण करतो!

पाणी आत कसं गेलं? कामगारांचं म्हणणं, लाइन धुताना ब्लाइंड टाकला नाही. ब्लाइंड म्हणजे दोन फ्लँजमध्ये सरकवायची लोखंडी चकती, पाणी पुढे जाऊ नये म्हणून. आमच्याकडे परमिटवर पहिली ओळच ती असायची, ब्लाइंड टाकला का, कुणी टाकला, सही. कंपनीचं म्हणणं, एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीला नळी जोडली. त्या कामगाराला नाव घेऊन कोर्टात उभं करणं मात्र कंपनीला कधी जमलं नाही. आणि समजा कुणी मुद्दाम घातलं पाणी, तरी चाळीस टन एका जागी साठवून, वर सगळे पहारे उठवायला त्याने थोडंच सांगितलं होतं?

रात्री साडेअकराच्या सुमाराला डोळे चुरचुरायला लागले तेव्हा ऑपरेटरांनी सांगितलं, कुठेतरी गळतंय. ठरलं की चहानंतर बघू. डोळे चुरचुरणं तिथे रोजचंच झालं होतं. चहाचा वेळ संपत आला तेव्हा टाकीच्या प्रेशर गेजचा काटा शेवटच्या आकड्यापलीकडे अडकलेला होता. ते चहा पीत बसले म्हणून त्यांना नावं ठेवणारे मी ट्रेनिंगमध्ये पुष्कळ पाहिले. मला तो चहा समजतो. जिथे रोज चुरचुरतं तिथे माणूस चहा सोडत नाही. चुरचुरणं रोजचं कुणी होऊ दिलं, ते वरच्या मजल्यावर विचारावं. त्यातला एकेक निर्णय बहुधा अगदी साध्या दिवशी, अगदी साध्या कागदावर झाला असेल: विजेची बचत, फ्रिऑनची बचत, सहा पगारांची बचत. खाली कुणाची तरी आद्याक्षरं.

शहराला मात्र कुणी काहीच सांगितलं नाही. लोकांसाठीचा भोंगा लगेच बंद केला गेला. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, आडव्या दिशेने निघा, एवढं जरी कुणी ओरडून सांगितलं असतं! लोक वायूबरोबरच पळत राहिले, धापा टाकत, म्हणजे जास्त ओढून घेत. हमीदिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारलं तर कारखान्याकडून उत्तर, अश्रुधुरासारखं आहे, पाण्याने डोळे धुवा.

मृत्यूंचा सरकारचा बराच काळ वापरलेला आकडा ३,७८७ आहे. संघटना १५,००० च्या पुढे सांगतात. सरकारच्याच २००६ च्या प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांची संख्या ५,५८,१२५ आहे.

संध्याकाळी इब्राहिमपुऱ्याला चटोरी गल्ली. आम्ही शाकाहारी नाही, त्यामुळे मौज होती. सीख कबाब, पाया, आणि भोपाळी रेझाला: कोथिंबीर-हिरव्या मिरचीतलं कोंबडीचं कालवण, तिखट पण दह्यामुळे सौम्य. शेवटी मातीच्या वाटीत फिरनी. दिवसभर जे पाहिलं त्यानंतर एवढं जेवण जाईल असं वाटलं नव्हतं, पण थंडी आणि पायपीट. गल्लीत दोन चाकी गाडीसुद्धा शिरत नाही, रिक्षा चौकातच सोडा.

*म्युझियमला जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या, सुट्टीचा दिवस असतो. कारखान्याच्या भगदाडांतून आत शिरू नका. पोरं शिरतात, गुरं शिरतात, म्हणून ते सुरक्षित होत नाही. का ते पुढे येईलच.*

तिसरा दिवस: संभावना, चिंगारी आणि लाल हातपंप

सकाळी संभावना क्लिनिक. १९९६ पासून चालू, सतीनाथ सारंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं. गॅसपीडितांना आणि दूषित पाणी प्यायलेल्यांना इथे फुकट उपचार मिळतात, ॲलोपॅथी, आयुर्वेद, पंचकर्म, योग, सगळं एकाच छपराखाली. मागे औषधी वनस्पतींची बाग आहे. आम्ही गेलो तेव्हा एक आजी अडुळशाजवळ उन्हाला बसून आपल्या कार्डांची चळत लावत होत्या. क्लेमची, हॉस्पिटलची, रेशनची, प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत, रबरबँड लावून. बायको शेजारी बसली. आजींनी एक कागद काढून दाखवला. पंचवीस हजार. मग बऱ्याच वर्षांनी आणखी तेवढेच. "इत्ते में तो बेटा, दवा की परची आती है," त्या म्हणाल्या आणि कागद होता तसाच घडी घालून ठेवला.

हे पैसे आले १९८९ च्या तडजोडीतून. ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७१५ कोटी रुपये, आणि ज्यांच्यासाठी घेतले त्यांना न विचारता. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. फौजदारीचं म्हणाल तर मूळ अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळला आले, अटक झाली, त्याच दिवशी जामीन आणि सरकारी विमानाने दिल्ली. परत कधी आले नाहीत, २०१४ मध्ये अमेरिकेत वारले. भारतीय अधिकाऱ्यांना शिक्षा झाली जून २०१० मध्ये, दोन वर्षांची, आणि लगेच जामीन.

आपल्या पिढीला युनियन कार्बाइड हे नाव कीटकनाशकामुळे माहीत नव्हतं. एव्हरेडीचे सेल त्यांचे. गावाकडे प्रत्येक घरात खुंटीला लटकणारी बॅटरी त्यांची. दुर्घटनेनंतर भारतातला हा धंदा विकला, त्यातून मिळालेल्या पैशांतून भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. २००१ मध्ये मूळ कंपनी डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीने घेतली आणि भोपाळचं देणं आमच्याकडे येत नाही म्हणाली.

रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी गॅसपीडित बायकांनी डाऊच्या दारात झाडू पाठवायची मोहीम काढली होती. त्यांना २००४ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, आणि त्या पैशांतून त्यांनी 'चिंगारी' ट्रस्ट काढला. घोषणा त्यांचीच: 'हम भोपाल की नारी हैं, फूल नहीं चिंगारी हैं.' इथे जन्मतः अपंगत्व असलेल्या मुलांना फिजिओथेरपी, बोलायला शिकवणं, शाळा आणि जेवण मिळतं. ही मुलं १९८४ नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. एक मुलगा समांतर दांड्यांना धरून पाऊल टाकत होता, थेरपिस्टबाई मोजत होत्या, आणि दहाव्या पावलाला त्याने मुद्दाम हात सोडून सगळ्यांना घाबरवलं आणि खो खो हसला. तिथे फोटो काढू नका. विचारूनही काढू नका. मदत करायची असेल तर कार्यालयात पावती फाडा.

दुपारी रिक्षावाल्याने कारखान्यालगतच्या अन्नू नगर, ब्लू मून कॉलनीकडे नेलं. हे भोपाळ मला सेफ्टी ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. वायूची रात्र एक, पण विषारी कचरा १९६९ पासून, कारखाना सुरू झाल्यापासून, आवारातच खड्ड्यांत टाकला जात होता. १९७७ मध्ये बाहेर उत्तरेला तळी बांधली, खाली प्लास्टिकचं अस्तर घालून, पाणी उन्हाने उडून जाईल म्हणून. अस्तर फाटलं. तळी गळतात हे १९८२ मध्ये कंपनीने आपल्याच मुख्यालयाला कळवलेलं आहे. तिथून ते जमिनीत, जमिनीतून हातपंपात. लोक गॅसमधून वाचले आणि पुढची कैक वर्षं हे पाणी प्यायले. सरकारने पंप लाल रंगवून 'पानी पीने योग्य नहीं' लिहिलं, पण पर्यायी पाणी द्यायला २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. आता नळ आले आहेत. तळ्याच्या जागी जलपर्णी होती आणि तिच्या काठाने दोन म्हशी चरत होत्या. त्यांचं दूध कुठे जातं हे रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "खाँ, चाय में ही तो जाता होगा."

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेबरोबर २०१० मध्ये अंदाज काढला: आवारातली दूषित माती सुमारे ११ लाख टन. हा आकडा लक्षात ठेवा.

संध्याकाळी बडा तालाब. राजा भोजाचा म्हणतात, अकराव्या शतकातला. काठावर भुट्टे, बोटी, जोडपी. अंधार पडल्यावर वारा सुटला तसे आम्ही काढता पाय घेतला.

चौथा दिवस: बायकोच्या मर्जीचा

सकाळी भीमबेटका, दुपारी जनजातीय संग्रहालय. भीमबेटका भोपाळहून ४५ किलोमीटर, गाडी ठरवूनच जा, बसचा नाद नको. जनजातीय संग्रहालयाला अर्धा दिवस राखा, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. रात्री मावशीने पुरणपोळी केली, वर इंदुरी शेव. भोपाळच्या मराठी घरात कशावरही शेव पडते.

पाचवा दिवस: पीथमपूर

परतीची गाडी इंदूरहून मुद्दाम घेतली होती. भोपाळ-इंदूर रस्ता झकास, बसने साडेतीन-चार तास. इंदूरहून पुढे पीथमपूर, वाहनांचे आणि औषधांचे कारखाने असलेली मोठी औद्योगिक वसाहत.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री याच रस्त्याने बारा कंटेनर गेले, पोलीस बंदोबस्तात, सगळी वाहतूक थांबवून. त्यात होता कार्बाइडच्या आवारात गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा. २००५ पासून तो शेडमध्ये पडून होता. उच्च न्यायालयाने खडसावलं तेव्हा हलला. भरायला शंभरेक कामगार होते, अंगभर पोशाख घालून, आणि तीस-तीस मिनिटांच्याच पाळ्या, कारण त्यापेक्षा जास्त वेळ जवळ थांबणं बरं नव्हे. चाळीस वर्षं भिंतीच्या भगदाडांतून आत जाऊन क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना ही तीस मिनिटं कुणी लावून दिली नव्हती.

पीथमपूरच्या लोकांनी बंद पाळला, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. मग न्यायालयाच्या देखरेखीत आधी थोडा-थोडा जाळून पाहिला, आणि जूनअखेर सगळा जाळून झाला. इन्सिनरेटर तासाला २७० किलोने चालवला, धुरावर ऑनलाइन पहारा. धूर मर्यादेत होता असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे ३३७ टनांची आठशे टनांहून जास्त राख झाली. ती कुठे पुरायची हा वाद पुन्हा कोर्टात.

जाळणाऱ्या प्रकल्पाला लागून तारपुरा गाव आहे. तिथल्या चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाला आधी गप्प होता, मी कारखान्यातला माणूस म्हटल्यावर खुलला. त्याचा सरळ मुद्दा: भोपाळचा कचरा, कमावून गेली अमेरिकेची कंपनी, आणि राख माझ्या बोअरशेजारी. "साब, आप तो लाइन के आदमी हो, बताओ, राख में क्या रहता है?" मी सांगितलं की जळत नाहीत ते जड धातू राखेतच राहतात, शिसं, निकेल वगैरे, आणि म्हणून ती अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. "अस्तर?" तो म्हणाला. "वोई भोपाल वाला पिलास्टिक?" आताचं जाडजूड असतं, दुहेरी असतं, खाली गळती तपासायची सोय असते, हे मी सांगितलं आणि ते खरंही आहे. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं की तपासायला किती वर्षं येतात. तीस वर्षं देखरेख ठेवावी असा नियम आहे, मी म्हटलं. त्याने बोटांवर हिशेब केला, आपलं वय मिळवलं, आणि चहाचे पैसे घ्यायला नकार दिला.

आणि ३३७ टन हा शेडमध्ये पोत्यांत भरलेला कचरा होता. ११ लाख टन माती भोपाळलाच आहे, जागची हललेली नाही.

*पीथमपूरला 'बघण्यासारखं' काही नाही, प्रकल्पात प्रवेश नाही, फाटकासमोर फोटो काढाल तर सुरक्षारक्षक हटकतील. जायचंच तर इंदूरहून रिक्षा किंवा कॅब दोन्हीकडची ठरवून जा, परतताना वाहन मिळत नाही. इंदूरला रात्री सराफा, म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्यांपुढे भरणारा खाऊबाजार, चुकवू नका: भुट्टे का कीस, गराडू, आणि हात भाजला तरी सोडवत नाही अशी जिलबी. दुकानं बंद झाल्यावर साडेनऊनंतर रंगात येतं. पुण्याकडे थेट गाडी आहे, पण त्याच दिवशी परतीचं तिकीट असेल तर सराफा आदल्या रात्री उरका.*